देवळालीचे कापरेकर गुरुजी आणि ६१७४ ची गंमत

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, नुसते आकड्यांशी खेळत बसणाऱ्या मुलाला आपण रागावतो ना? मग दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांची गोष्ट वाचाच.

१९०५ साली डहाणूला जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवत होते. मोठी पदवी नाही, म्हणून अनेक गणितज्ञांनी त्यांच्या कामाकडे दुर्लक्ष केलं. गुरुजींनी मात्र आकड्यांचा नाद सोडला नाही. त्यातूनच त्यांना ही गंमत सापडली.

चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा. उत्तर तीन अंकी आलं तर आधी शून्य लावा.

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आता पुढे कितीही करा, ६१७४च! कोणतीही संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येते.

१९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिलं, तेव्हा जगाला गुरुजी कळले. ते सत्तरीचे झाले होते. १९८६ मध्ये ते गेले.

उद्या वजाबाकीचा सराव असाच घेऊन बघा. आणि आकड्यांत रमलेल्या मुलाला रमू द्या.