‘इंदूर पद्धती’चे जनक सर अल्बर्ट हॉवर्ड

कंपोस्ट खताचा विषय निघाला, की इंदूर पद्धतीचे नाव येतेच. ही पद्धत घडवणारे सर अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म 8 डिसेंबर 1873 रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात, शेतकरी कुटुंबात झाला. केंब्रिजमधील शिक्षणानंतर ते वेस्ट इंडीजमध्ये पिकांच्या बुरशीजन्य रोगांवर काम करू लागले. रोग प्रयोगशाळेत तपासायचा, उपाय शेतकऱ्याला सांगायचा, पण तो करून पाहायला स्वतःकडे शेत नाही, ही उणीव त्यांना तेथेच खटकली.

पुसा येथील काम

1905 मध्ये ते बिहारमधील पुसा संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. दोघांनी मिळून गव्हाचे पुसा 4, पुसा 12 असे वाण दिले. आसपासच्या शेतकऱ्यांची पिके फवारणीशिवाय निरोगी कशी राहतात, हे हॉवर्ड बारकाईने पाहत. रोग-कीड म्हणजे जमीन, वाण किंवा मशागत यांपैकी काहीतरी बिघडल्याची खूण, असे त्यांचे मत बनले.

इंदूरमधील प्रयोग

1924 मध्ये होळकर संस्थानातील इंदूर येथे कापूस संशोधनासाठी संस्था सुरू झाली. हॉवर्ड तिचे प्रमुख होते. अडचण आपल्या ओळखीचीच होती. शेणाच्या गोवऱ्या चुलीत जात, गोमूत्र गोठ्यातच जिरे आणि पऱ्हाट्या कुजत नसत.

त्यांनी पऱ्हाट्या आणि तुराट्या रस्त्यावर पसरल्या. बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा झाला. गोठ्यात माती पसरून गोमूत्र त्यात मुरवले. मग सुमारे 30 फूट लांब, 14 फूट रुंद आणि 2 ते 3 फूट खोल खड्ड्यात काडीकचरा, शेण, गोमूत्राची माती आणि राख यांचे थर दिले. ओलावा राखून तीन वेळा खालीवर केल्यावर साधारण तीन महिन्यांत खत तयार झाले. सुरुवातीच्या मिश्रणात कर्ब-नत्र गुणोत्तर सुमारे 33:1 असावे, हेही त्यांनी सांगितले.

गॅब्रिएल 1930 मध्ये वारल्या. पुढच्याच वर्षी हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी ही पद्धत पुस्तकरूपाने मांडली. इंग्लंडला परतल्यावर हॉवर्ड यांनी रासायनिक खतांना विरोध केला आणि अनेक शास्त्रज्ञांशी वाद ओढवून घेतला. 20 ऑक्टोबर 1947 रोजी त्यांचे निधन झाले.

आज काय घ्यावे?

त्यांचे प्रत्येक मत जसेच्या तसे घेण्याची गरज नाही. चांगल्या चाऱ्यावरच्या आपल्या बैलांना लाळ्या-खुरकूत झाला नाही, असे ते सांगत. त्यावर विसंबून लसीकरण टाळू नका. कंपोस्टमध्ये नत्र साधारण 0.5 ते 1.5 टक्केच असते. त्यामुळे माती परीक्षणानुसार उरलेली अन्नद्रव्ये द्यावीच लागतात. ढीग खालीवर करायला मजूरही लागतात, त्याचा हिशेब आधी करा.

मात्र पऱ्हाटी पेटवली, की सेंद्रिय कर्ब आणि नत्र धुरात जातात. बांधावर रचून ठेवली, तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो. वेचणी संपताच श्रेडरने बारीक करून ती कुजवली, तर दोन्ही नुकसान टळते. बैलगाडीच्या चाकांचे काम आता यंत्र करते, पुढची कृती बरीचशी हॉवर्ड आणि वाड यांचीच आहे.