Explained : डोंबिवलीचं जुनं नाव गणितात अमर करणारे कापरेकर मास्तर कोण होते?

सकाळच्या लोकलने रोज डोंबिवली गाठणाऱ्यांनाही ठाऊक नसेल, की या स्टेशनच्या नावाने गणितात संख्यांचा एक प्रकार आहे. त्याचं नाव ‘डेम्लो संख्या’ आणि जनक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

कोण होते कापरेकर?

जन्म १९०५, डहाणू (तेव्हा ठाणे जिल्हा). आई लहानपणीच गेली. शालेय शिक्षण ठाण्यात, पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते देवळालीत शाळामास्तर होते.

डेम्लो नाव कुठून आलं?

जुन्या जीआयपी रेल्वेवरचं डेम्लो स्टेशन म्हणजे आजचं डोंबिवली. तिथे ही कल्पना सुचली, म्हणून त्यांनी तेच नाव दिलं. यातली प्रसिद्ध मालिका : १, १२१, १२३२१, १२३४३२१...

यात शाळेतलं बीजगणित कुठे आहे?

(क्ष घन − १) भागिले (क्ष − १) हा अपूर्णांक घ्या. अंशाचे अवयव पाडले की (क्ष − १) कटतो आणि क्ष वर्ग + क्ष + १ उरतं. आता क्ष = १० ठेवा. ९९९ भागिले ९, म्हणजेच १११.

या राशीचा वर्ग केला तर सहगुणक येतात १, २, ३, २, १. म्हणून १११ चा वर्ग १२३२१. उलट जायचं तर १२३२१ चं वर्गमूळ घ्या किंवा घातांक १/२ लिहा. अर्थ एकच, उत्तर १११.

नऊ एकांपर्यंत हा डोंगर सरळ चढतो-उतरतो. दहा एक घेतले की मधला सहगुणक १० होतो, हातचा येतो आणि आकृती मोडते.

मग दखल कधी घेतली गेली?

पदव्युत्तर पदवी नसलेल्या या मास्तरांच्या कामाकडे अनेक गणितज्ञांनी दुर्लक्ष केलं. ६१७४ हा ‘कापरेकर स्थिरांक’ त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या परिषदेत मांडला. जगभर नाव झालं ते १९७५ मध्ये, मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिल्यावर. तेव्हा मास्तर सत्तरीचे होते. निवृत्तीनंतर पेन्शन पुरत नसल्याने ते शिकवण्या घेत. १९८६ मध्ये त्यांचं निधन झालं.

पुढच्या वेळी डोंबिवलीला लोकल थांबली, की मोबाइलवर ११११ चा वर्ग करून पाहा.