बहिणीच्या दुःखातून उभं राहिलेलं रुग्णालय

आपल्याकडे कॅन्सर म्हटलं की पहिलं नाव तोंडात येतं ते मुंबईच्या टाटा हॉस्पिटलचं. चेन्नईकडच्या बायका असंच 'अड्यार'चं नाव घेतात. हे अड्यारचं कॅन्सर इन्स्टिट्यूट उभं राहिलं ते एका बहिणीच्या आठवणीतून. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या धाकट्या बहिणीला गुदाशयाचा कॅन्सर झाला आणि १९२३ साली ती गेली. घरातच डॉक्टर असूनही तिला वाचवता आलं नाही.

मुथुलक्ष्मींचा जन्म ३० जुलै १८८६ चा, पुदुकोट्टै संस्थानातला. वडील नारायणस्वामी अय्यर कॉलेजचे प्राचार्य. आई चंद्रम्माळ देवदासी समाजातल्या. त्यामुळे वडिलांच्या नातेवाइकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. मुलगी वयात आल्यावर शाळा सुटली, पण वडिलांनी तिला घरी शिकवलं. मुलांच्या कॉलेजात तिने अर्ज केला तेव्हा केवढा गहजब झाला! पण पुदुकोट्टैच्या राजांनी तिच्या बाजूने कौल दिला. पुढे १९०७ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेज आणि १९१२ मध्ये डॉक्टरकीची पदवी.

लग्न करायचं की नाही याबद्दल त्या साशंकच होत्या. १९१४ मध्ये डॉ. सुंदर रेड्डींशी लग्न केलं ते अट घालून. मला बरोबरीने वागवायचं आणि माझ्या कामात आडवं यायचं नाही, एवढीच अट! त्या काळात हे मागायचं म्हणजे धाडसच, आणि ते कबूल करणाऱ्या नवऱ्याचंही कौतुक करायला हवं.

डॉक्टरकी चांगली चालली होती. अशात बहिणीचं आजारपण आलं. मद्रास इलाख्यात तेव्हा कॅन्सरसाठी वेगळं रुग्णालय नव्हतं. हा रोग म्हणजे भोग, असंच लोक धरून चालत. डॉक्टर बहिणीने हातपाय गाळून बसणं किती कठीण गेलं असेल! पेशंटचं मरण डॉक्टरला सोसावं लागतं, पण आपल्या पाठच्या बहिणीला कळा सोसताना बघायचं, आणि आपल्या हातात काही नाही हेही कळायचं, हे वेगळंच. १९२५ मध्ये त्या पुढच्या शिक्षणासाठी लंडनला गेल्या, तेव्हा कॅन्सरच्या उपचारांची माहितीही करून घेतली.

परत आल्या आणि वेगळ्याच कामाचं बोलावणं आलं. १९२७ मध्ये त्या मद्रासच्या कायदेमंडळात गेल्या आणि उपाध्यक्षही झाल्या. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कायदेमंडळात बसलेली ही पहिली बाई. मुलींना देवाला वाहण्याच्या चालीविरुद्ध त्यांनी तिथे आवाज उठवला. आईचं दुःख घरात पाहिलेलं होतं ना! कायदा पूर्ण व्हायला १९४७ साल उजाडलं. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीच्या बाजूला यल्लम्माला सोडलेल्या मुलींमध्ये ज्यांनी काम केलंय, त्यांना या वीस वर्षांचा अर्थ सांगायला नको. १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली तेव्हा त्यांनी कायदेमंडळाचा राजीनामा दिला. निराधार मुलींसाठी 'अव्वै होम' काढलं तेही याच सुमारास.

एवढ्या सगळ्या व्यापात बहीण मात्र मनातून गेली नाही. १९३५ पासून त्या कॅन्सर रुग्णालयाची गोष्ट जाहीरपणे बोलू लागल्या. सरकारदरबारी उत्साह नव्हता. कॅन्सरचा रोगी मरणारच, मग त्याच्यासाठी वेगळं रुग्णालय कशाला, असा सूर होता. (आमच्या भागातल्या तपासणी शिबिरातही एखादी बाई हेच म्हणते, कळून तरी काय करायचं ताई? गाठ लवकर कळली तर इलाज होतो, हे तिला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.) शेवटी बायकांच्याच संघटनेने, विमेन्स इंडियन असोसिएशनने १९४९ मध्ये निधी उभारायला घेतला. १९५२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १८ जून १९५४ ला रुग्णालय सुरू झालं. अवघ्या १२ खाटा, साध्या झोपड्या आणि दोन डॉक्टर. मुथुलक्ष्मी तेव्हा सदुसष्ट वर्षांच्या होत्या. बहिणीला जाऊन एकतीस वर्षं झाली होती.

त्यांचा मुलगा डॉ. कृष्णमूर्ती याच रुग्णालयात राबला. १९५५ मध्ये डॉ. व्ही. शांता तिथे आल्या, त्या २०२१ मध्ये जाईपर्यंत तिथल्याच होऊन राहिल्या. मुथुलक्ष्मींना १९५६ मध्ये पद्मभूषण मिळालं. २२ जुलै १९६८ ला त्या गेल्या, तोवर दूरदूरच्या गावांतून आपली आई, बायको, बहीण घेऊन माणसं अड्यारला यायला लागली होती.