नम्रतेच्या वाटेचे यात्रिक : संत जोसेफ वाझ

प्रार्थना, उपवास व मिस्साबलिदान नियमाने पाळणाऱ्या भाविकाला एक सूक्ष्म मोह नेहमी घेरतो. आपण इतरांपेक्षा अधिक नीतिमान आहोत, असे त्याला वाटू लागते. लूककृत शुभवर्तमानातील परुशी याच मोहाला बळी पडला आणि नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार. या मोहावर मात कशी करावी हे संत जोसेफ वाझ यांच्या जीवनातून आपण शिकू शकतो.

गोव्यातील बाणावली येथे २१ एप्रिल १६५१ रोजी एका ब्राह्मण ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १६७६ साली ते धर्मगुरू झाले. कुळाचा मान, विद्या आणि उत्तम प्रवचनकार म्हणून लौकिक, हे सारे त्यांच्यापाशी होते. परंतु १६७७ साली सांकवाळ येथे त्यांनी एक लेख लिहून स्वतःला पवित्र मरियेचा दास म्हणून अर्पण केले. त्यांचे पुढील सारे आयुष्य जणू त्या लेखाचे आचरण होते.

१६८१ मध्ये त्यांना कानडा प्रांतात पाठविण्यात आले. तेथे धर्माधिकाराच्या प्रश्नावरून ख्रिस्तसभेतच वाद पेटला होता. आपलीच बाजू खरी म्हणून हट्ट धरणे सोपे होते. त्यांनी मात्र समेटाचा प्रयत्न केला आणि उपेक्षित भाविकांची सेवा केली. १६८५ साली ते जुन्या गोव्यातील ओरेटरी संघात सामील झाले.

डचांच्या अमलाखालील सिलोनमध्ये कॅथलिक उपासनेवर बंदी होती. १६८७ साली फादर वाझ वेषांतर करून तेथे पोहोचले. गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत आणि कॅथलिक कुटुंबांचा शोध घेत. देणाऱ्या कुळातला माणूस मागणारा झाला. १६९२ साली कँडी येथे हेर समजून त्यांना अटक करण्यात आली. पुढे १६९७ मध्ये तेथे देवीची साथ पसरली. घरच्यांनीही टाकून दिलेल्या रुग्णांची, त्यांचा धर्म न विचारता, त्यांनी सेवा केली आणि मृतांना मूठमाती दिली. महागुरुस्वामीपदाचा विचार पुढे आला तेव्हा त्यांनी तो मान नाकारला. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे ते प्रभुचरणी विलीन झाले. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संतपद बहाल केले.

प्रिय भाविकहो, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या मध्ये, धानाच्या बांध्या आणि जंगल यांच्या शेजारी वसलेल्या मूलसारख्या ठिकाणी आपण बहुतांशी इतर धर्मीयांच्या सोबतीने राहतो. आपली श्रद्धा ही शेजाऱ्याकडे उंचावरून पाहण्याची पायरी नव्हे. मिस्सेला न येणाऱ्या भावाची चर्चा करण्याऐवजी त्याच्या घरी जाऊन त्याची विचारपूस करणे, आजारी शेजाऱ्याला दवाखान्यात नेणे, भांडणात प्रथम आपण नमते घेणे, ही आपल्यासाठी नम्रतेची शाळा आहे. फादर वाझ यांनी नम्रतेवर प्रवचने देऊन नव्हे, तर भिक्षापात्र हाती घेऊन अहंकार जिंकला. परक्याच्या दारी हात पसरणाऱ्याला आपल्या मोठेपणाची आठवण फार काळ राहत नाही.

त्यांच्या मध्यस्थीने देव आपल्याला जकातदाराचे अंतःकरण देवो, हीच प्रार्थना.