चेंडूवरचे जाळे

माणिकपूरहून रेल्वे ओलांडून वसई पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांकडे गेलात, तर एखाद्या संगणकाच्या पडद्यावर यंत्राचा सुटा भाग बारीक त्रिकोण-चौकोनांच्या जाळीने झाकलेला दिसू शकतो. वक्र भागाचे गणित एकदम सुटत नाही. म्हणून त्याचे लहान तुकडे करायचे, प्रत्येकाचे उत्तर काढायचे आणि ती एकत्र जोडायची. अभियंते याला ‘मेशिंग’ म्हणतात. गोलाचे असे तुकडे भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात हाताने पाडले होते.

त्यांचा जन्म १११४ चा. सह्याद्रीच्या आश्रयाचे त्यांचे गाव विज्जडविड. ते नेमके कोणते, यावर अजून वाद आहे. वडील महेश्वर हेच गुरू. ११५० मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहून झाला. ‘लीलावती’ सर्वांना ठाऊक असते, पण आपल्या विषयाचा खरा ऐवज गोलाध्यायात आणि त्यावर त्यांनी स्वतःच लिहिलेल्या वासनाभाष्यात आहे.

अडचण होती लल्ल या जुन्या, मान्यवर ज्योतिष्याच्या नियमाची. गोलाचे पृष्ठफळ म्हणजे वर्तुळाचे क्षेत्रफळ गुणिले परीघ, असे तो सांगत होता. परीघ ९६ धरला तर हे उत्तर खऱ्याच्या चोवीसपट येते! भास्कराचार्यांनी हा नियम स्पष्ट शब्दांत खोडला आणि नवा पडताळून दाखवला.

आवळ्यावर रेषा असतात तशा गोलाच्या ९६ फोडी करा. प्रत्येक फोड मध्यावर एक एकक रुंद, टोकांकडे निमुळती. तिच्या आडव्या पट्ट्या पाडा, त्यांची रुंदी ज्यांच्या, म्हणजे आजच्या ‘साइन’च्या, कोष्टकातून घ्या आणि बेरीज करा. एका फोडीचे क्षेत्रफळ येते सुमारे ३०.५५, आणि गोलाचा व्यासही तेवढाच! म्हणजे पृष्ठफळ = परीघ गुणिले व्यास. ‘लीलावती’त त्यांनी या पृष्ठफळाला चेंडूवर विणलेल्या जाळ्याची उपमा दिली आहे. घनफळासाठी पृष्ठावरच्या प्रत्येक चौकोनापासून मध्यबिंदूपर्यंत निमुळती सुई कल्पिली. आजच्या संगणकातली घन जाळी याहून फार दूर नाही. फरक आहे तो तुकड्यांच्या संख्येचा. तुकडे किती बारीक असावेत, हा प्रश्न मात्र तोच.

एकोणसत्तराव्या वर्षी त्यांनी ‘करणकुतूहल’ रचला. पुढे नातू चांगदेवाने चाळीसगावजवळ पाटण येथे आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तिथला शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि मठासाठी तेलाच्या प्रत्येक घाण्याने पळीभर तेल द्यावे, असे त्यात कोरले आहे.