आर्थर मिलर : नावे न सांगणारा नाटककार

आर्थर मिलर यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९१५ रोजी न्यूयॉर्कमधील एका ज्यू कुटुंबात झाला. महामंदीत वडिलांचा कपड्यांचा व्यवसाय बुडाला. गोदामात राबून मिलर यांनी मिशिगन विद्यापीठातील शिक्षणासाठी पैसे जमविले.

पुढे अमेरिकेत कम्युनिस्टांच्या शोधाचे वारे सुटले. १९५२ साली मिलर यांचे स्नेही दिग्दर्शक एलिया कझान यांनी चौकशी समितीस जुन्या साथीदारांची नावे दिली. त्याच वर्षी मिलर सेलमला गेले आणि १६९२ च्या चेटूक-खटल्यांची दप्तरे त्यांनी चाळली. तेथे एकोणीस जणांना फाशी झाली होती. चेटकाची कबुली देणारे बचावले होते. त्यातून १९५३ मध्ये ‘द क्रूसिबल’ रंगभूमीवर आले.

इतिहासाचे अभ्यासक या नात्याने आम्हांस एक गोष्ट खटकते. खरी ॲबिगेल अकरा-बारा वर्षांची होती, प्रॉक्टर साठीचा. त्यांचे प्रेमप्रकरण मिलर यांनी रचले. नाटकात ते क्षम्य असले, तरी वर्गात आम्ही ते आधी सांगून टाकतो. नाटकातील प्रॉक्टर सही केलेला खोटा कबुलीजबाब फाडतो आणि फाशी स्वीकारतो.

जून १९५६ मध्ये मिलर स्वतः समितीपुढे उभे राहिले. स्वतःविषयी ते बोलले. इतरांची नावे सांगण्यास त्यांनी नकार दिला. १९५७ साली ते दोषी ठरले, १९५८ मध्ये अपील न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. १० फेब्रुवारी २००५ रोजी त्यांचे निधन झाले.