घोंगडी, पायपीट अन् कागदाची बाडं : इतिहासाचार्य राजवाडे यांना बीडमध्येच मिळाली होती ज्ञानेश्वरीची जुनी पोथी

चकलांबा (ता. गेवराई) : जुन्या घराच्या माळवदाखाली, नाहीतर आजोबांच्या पेटीत कापडात बांधलेलं कागदाचं एखादं बाड अजूनही निघतं. अक्षर मोडी असतं, घरात कुणालाच वाचता येत नाही. दिवाळीच्या साफसफाईत ते भंगारात जातं, नाहीतर चुलीत. अशाच बाडांसाठी एका माणसाने अख्खं आयुष्य घातलं. त्यांचं नाव विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. लोक त्यांना इतिहासाचार्य म्हणतात. ३१ डिसेंबर हा त्यांचा स्मृतिदिन.

राजवाडे यांचा जन्म १८६३ सालचा. आपल्या गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला पेशवे आणि निजाम यांची लढाई झाली ती १७६३ मध्ये, म्हणजे बरोबर शंभर वर्षं आधी. अशा लढायांची खरी हकीगत आज कळते ती त्या काळच्या पत्रांतून. पण राजवाडे तरुण होते तेव्हा ही पत्रं वाड्यांच्या अंधाऱ्या खोल्यांत कुजत होती. मराठ्यांचा इतिहास तोवर प्रामुख्याने इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहिलेला आणि बखरींत सांगितलेला, एवढाच लोकांना ठाऊक होता.

लहानपणीच वडिलांचं छत्र हरपलं. पुण्यात शिकून ते पदवीधर झाले, काही काळ मास्तरकीही केली. पत्नी तरुणपणीच वारली. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. नोकरीत मन रमलं नाही. १८९४ मध्ये जगातले मोठे ग्रंथ मराठीत आणण्यासाठी त्यांनी ‘भाषांतर’ नावाचं मासिक काढलं.

त्यांच्या आयुष्याला वळण मिळालं ते वाईत. तिथल्या एका वाड्यात पानिपतच्या काळातल्या पत्रांचं घबाड हाती लागलं. ती पत्रं त्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने छापली. तो पहिला खंड. पुढच्या वीसेक वर्षांत असे २२ खंड निघाले.

वाड्याच्या दारात बसून राहणारा माणूस

काम सोपं नव्हतं. ना सरकारी पगार, ना गाडीघोडा. अंगावर साधे कपडे, सोबत घोंगडी अन् स्वयंपाकापुरती भांडी. हाताने रांधून खायचं अन् पुढचं गाव गाठायचं. कागद दाखवायला लोक तयार नसत. वतन जाईल, जमिनीची भानगड निघेल, भाऊबंद दावा लावतील, अशी भीती. राजवाडे चिकाटीने पुन्हा पुन्हा त्याच दारी जात.

या शोधातच बीडच्या पाटांगणात त्यांना ज्ञानेश्वरीची जुनी हस्तलिखित पोथी मिळाली. पैठणच्या एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली, त्याच्याही आधीची ही पोथी, असं राजवाडे यांचं मत होतं. १९०९ मध्ये त्यांनी ती छापली आणि तिच्या भाषेचं व्याकरणही लिहिलं. पोथीच्या वयावर पुढे पंडितांचा वाद झाला. पण ज्ञानेश्वरीच्या मूळ पाठाचा शोध घेताना ‘राजवाडे प्रत’ टाळून कुणालाच पुढे जाता आलं नाही.

१९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, त्याचे ते संस्थापक. स्वभाव मात्र तापट. पुढे मंडळाशी बिनसलं अन् त्यांनी धुळे जवळ केलं. इंग्रजी उत्तम येत असूनही लिहायचं ते मराठीतच, हा त्यांचा बाणा होता.

चुकाही मोठ्याच

राजवाडे यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. जातीचा अभिमान त्यांच्या लिखाणात डोकावायचा. कायस्थ समाजाबद्दल त्यांनी लिहिलेल्या मजकुराला प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१८ मध्ये ‘कोदंडाचा टणत्कार’ हे पुस्तक लिहून खणखणीत उत्तर दिलं. तर भारतातल्या विवाहसंस्थेवरचं राजवाडे यांचं लिखाण सनातनी मंडळींना झोंबलं. त्यांचे निष्कर्ष अनेकांनी खोडून काढले. जमवलेले कागद मात्र टिकले. त्यांच्याशी भांडणाऱ्यालाही त्याच कागदांकडे यावं लागतं.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचं निधन झालं. मागे इस्टेट नव्हती. होती ती दप्तरं, टिपणं अन् शब्दांच्या व्युत्पत्तीच्या चिठ्ठ्या. ती जपण्यासाठी १९२७ मध्ये धुळ्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ सुरू झालं. ते आजही आहे.

जुन्या कागदाची किंमत मराठवाड्याला अलीकडेच कळली. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. ज्यांच्या घराण्याची नोंद सापडली त्यांच्या लेकरांच्या दाखल्याचा प्रश्न सुटला. ज्यांचे कागद वाळवीने खाल्ले, ते हात चोळत बसले.

म्हणून पेटीतलं बाड भंगारात देण्याआधी थांबावं. आधी कोरड्या कापडात गुंडाळून ओलीपासून लांब ठेवावं, मोबाईलवर पानापानाचे फोटो काढावेत, अन् मोडी जाणणाऱ्याला दाखवावेत. राजवाडे यांना एकेका पानासाठी कोस कोस चालावं लागलं. आपल्याला फक्त पेटी उघडायची आहे.